नरकाची जीभ

नरकाची जीभ मी शिवली. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्या जिभेचं जे झालं त्याचं श्रेय सगळ्यांनी वाटून घेतलं आणि माझ्या वाट्याला आली रिकामी सुई.

आमचं नाट्यगृह म्हणजे जुनं मालगोदाम. उंच रंगमंच वगैरे काही नाही, सगळं एकाच पातळीवर. एका टोकाला नाटक, समोर बाकं, बाकांच्या मधून एक रुंद वाट, आणि त्या वाटेच्या शेवटी पूर्वी ट्रक आत यायचे तो लोखंडी दरवाजा. दरवाजाबाहेर अंगण, नळ आणि प्रेक्षकांची स्वच्छतागृहं. कपडेपट माझ्याकडे. कुठल्या नटाचं पोट किती सुटलंय हे त्याच्या बायकोआधी मला कळतं, त्यामुळे माझ्याशी सहसा कुणी वाकड्यात शिरत नाही. एक मास्तर सोडून.

मास्तर म्हणजे आमचे दिग्दर्शक. या खेपेचं नाटकही त्यांनीच लिहिलेलं. चारशे वर्षांपूर्वीचं एक गाव आणि त्या गावात टोप्या शिवणारा एक उपदेशक. ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या शेवटच्या पानांत डोकं खुपसून हा बसायचा. श्वापदाची शिंगं मोज, देवदूतांचे कर्णे मोज, त्यात मेलेल्या राजांची वर्षं मिळव, असं करत करत त्याने जगाच्या अंताची तारीख काढली. गावाने ऐकली. पीक शेतात उभं टाकून सगळे पांढरे झगे घालून टेकडीवर जाऊन बसले. आता देवाचं सिंहासन दिसेल, वाचणारे त्याच्या उजव्या हाताला जातील, बुडणारे डाव्या हाताला. सूर्य मावळला, दुसरा दिवस उजाडला, आणि काही म्हणजे काही झालं नाही.

"असा खरंच कुणी होता का हो मास्तर?" मी झग्यांचं कापड मोजता मोजता विचारलं.

"असा एकच नव्हता, बाई. त्या काळात गल्लोगल्ली होते. मी सगळ्यांचं मिळून एक गाठोडं बांधलंय."

शेवट मात्र मास्तरांनी स्वतःच्या मनाचा केला होता. उपदेशक खचून बसलेला, लोक रडताहेत, आणि तेवढ्यात पांढऱ्या घोड्यावर बसून एक मुलगी येते. हातात तलवार नाही, उभ्या पिकातली एक पेंढी. ती एवढंच म्हणते, "पीक उभं आहे. कापायला चला." की पडदा. मला तो शेवट ऐकूनच भरून आलं होतं, पण मास्तरांसमोर मी तसं दाखवलं नाही. आधीच माणूस हवेत असतो.

घोड्यावरची मुलगी म्हणजे माझी भाची, भिंगरी. खरं नाव वेगळं आहे, पण जन्मापासून जिचा पाय जमिनीवर ठरत नाही तिला दुसरं काय म्हणणार? आणि घोडी म्हणजे रुसवी. गावाबाहेरच्या तबेल्यातली, पांढरीशुभ्र, दिसायला राजकन्या आणि वागायला सासू. तबेल्याच्या मालकांनी तिला शिकाऊ मुलांसाठी आणली होती. तिने सगळ्यांना एकेक करून खाली ठेवलं. तिच्या वाटेला कुणी जाईना, तेव्हा भिंगरीने तिला हाताशी धरलं. वर्षभर रोज पहाटे जाऊन खरारा केला, बोलली, रागावली, पाया पडली. आता ती भिंगरीच्या मागे मांजरासारखी फिरायची.

पण मालकांनी बजावून ठेवलं होतं. "पोरी, तुझ्या एकटीसाठी घोडी पोसता येत नाही मला. त्या नाटकात चार लोकांसमोर शहाण्यासारखी चालली तर ठेवतो. नाही तर डोंगरापलीकडच्या वखारीत ओंडके ओढायला देतो." ओंडके ओढणारी घोडी फार दिवस टिकत नाही, हे भिंगरीला माहीत होतं. मलाही.

आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

सिंहासन मागे, मधोमध, प्रेक्षकांकडे तोंड करून. त्याच्या उजव्या हाताला टेकडी, डाव्या हाताला नरक. नरक म्हणजे एक भलाथोरला उघडा जबडा, आमच्या सुतारदादांनी जीव ओतून केलेला. लाकडी दात, आत लाल दिवे, मागे भाता लावून धूर सोडायची सोय. आणि त्या जबड्यातून बाहेर लोंबणारी, जमिनीवर लोळणारी लाल जीभ, ती माझी. जुन्या मखमली पडद्याची शिवली आणि आत भरायला कापूस पुरेना म्हणून तबेल्यातलं वाळलेलं गवत पोत्याने आणून ठासलं. चांगली गुबगुबीत झाली होती. उपदेशकाचं काम करणारे काका, जे दिवसभर घड्याळं दुरुस्त करतात आणि संध्याकाळी उद्या पाऊस पडणार की नाही हे ठामपणे चुकीचं सांगतात, ते म्हणाले, "बाई, या जिभेवर मी दुपारची झोप काढेन."

रुसवीला सिंहासनामागून यायचं होतं, नरकाच्या अंगाने पुढे, प्रेक्षकांपर्यंत. पहिल्या तालमीला ती नरकाजवळ येऊन थांबली ती थांबलीच. दुसऱ्या तालमीला मागे सरकली. तिसऱ्या तालमीला दादांनी भाता दाबला, धुराचा एक फुसकारा आला, आणि रुसवी अशी आडवी उधळली की पुढची बाकं मोडली आणि भिंगरी माझ्या झग्यांच्या ढिगावर येऊन पडली. ढीग होता म्हणून वाचली. हाताला लचक भरली, गळ्यात झोळी आली.

पहिलीपासून प्रत्येक तालमीला भिंगरीची आई येऊन बसायची. म्हणजे माझी धाकटी बहीण. ती प्रयोगशाळेत असते, प्राण्यांचे मेंदू तपासते. आमच्या घरात तिला बेडूकबाई म्हणतात, कारण इतकी शिकून सवरून ती काय करते, तर बेडकांना रबरी साप दाखवते. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. आणि बेडूक किती उडाला ते बघते. पोर घोड्यावर चढली की ही डोळे घट्ट मिटून घेते. भिंगरी लहान होती तेव्हापासूनचं हे आहे. स्पर्धेत पोरीने बक्षीस मिळवलं तेव्हाही आईने ते फक्त टाळ्यांवरून ओळखलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी जाहीर केलं, "घोडी रद्द. दादा लाकडी घोडा करतील, चाकांवरचा."

"मास्तर, एक संधी द्या," भिंगरी म्हणाली.

"नाचता येईना अंगण वाकडं! घोडी बिथरट आहे, विषय संपला."

पोर काही बोलली नाही. अंगणात गेली आणि एका हाताने रुसवीचा खरारा करत राहिली. एरवी तोंडाचा पट्टा बंद न होणारी मुलगी. मला ते बघवेना.

मी आत येऊन तणतणत शिवायला बसले. बहीण आली होती, तिला मी समोर उभी केली. नाटकातल्या गावकऱ्यांतली एक बाई आजारी पडली होती आणि तिचा झगा बेतायला मला कुणीतरी उभं हवं होतं. मी टाचण्या लावत होते आणि तोंडाने मास्तरांचा उद्धार करत होते. "लाकडी घोडा म्हणे! चाकं करकरणार, लोक हसणार. आणि त्या मुक्या जनावराने काय घोडं मारलंय याचं?"

"तिची चूक नाहीये," बहीण हळूच म्हणाली.

"कुणाची?"

"घोडीची. नरक तिच्या डाव्या डोळ्याला येतोय. ताई, जनावराच्या मेंदूच्या दोन बाजू सारख्या नसतात. डाव्या डोळ्याला दिसलेलं मुख्यतः उजव्या मेंदूकडे जातं, आणि घाबरायचं, पळायचं खातं त्या उजव्या मेंदूकडे असतं. साप डावीकडून आला की माझे बेडूक टुणकन उडतात. तोच साप उजवीकडून आणला तर पुष्कळदा नुसते बघत बसतात. कोंबडीचं पिल्लू उजव्या डोळ्याने दाणे निवडतं आणि डाव्याने घारीकडे लक्ष ठेवतं. घोडेही डावीकडच्या गोष्टीला जास्त बुजतात, असं दिसलेलं आहे."

माझ्या हातातली टाचणी तशीच राहिली. "म्हणजे नरक तिच्या उजवीकडून आला तर ती जाईल?"

"जाण्याची शक्यता जास्त. हमी नाही."

"हे तुला कधी कळलं?"

ती झग्यावरच्या टाचण्यांकडे बघायला लागली.

"कधी कळलं म्हणते मी!"

"पहिल्याच तालमीला."

अस्सा राग आला मला! "आणि तू तोंडाला कुलूप लावून बसलीस? पोर तिकडे रडतेय, घोडी वखारीत चाललीय, आणि तू?"

"सांगितलं तर ती परत बसेल ना घोडीवर!" तीही ओरडली. "तू बघितलंस तिला पडताना. मी नाही बघितलं. मी फक्त आवाज ऐकला, ताई. तो आवाज अजून कानातून जात नाही. लाकडी घोडा आला तर येऊ दे. माझी मुलगी तर धड राहील."

आईची माया आंधळी असते म्हणतात, हिची तर डोळे मिटूनच होती. मी तिचा दंड धरला आणि टाचण्या लावलेल्या झग्यासकट तिला खिडकीशी नेलं.

अंगणात भिंगरी रुसवीच्या मानेला टेकून उभी होती. घोडीने मान वळवून तिला अशी कवेत घेतली होती की पोर अर्धी दिसतच नव्हती. "निरोप घेतेय ती," मी म्हटलं. "ती पडू नये एवढंच बघायचं असेल तर बघ. पण मग हेही बघ."

बहिणीने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग डोळे पुसले आणि म्हणाली, "मास्तर कुठे आहेत?" आणि झगा तसाच घालून, टाचण्या टोचत असतानाही, तरातरा निघाली. मी मागे. वरातीमागून घोडं.

मास्तरांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "बाई, तुमचे बेडूक थोर आहेत. पण नरक सिंहासनाच्या डाव्या हातालाच पाहिजे. जुन्या काळच्या एकूण एक चित्रात तसंच आहे. तो मी उजवीकडे नेला तर पुण्यवानांना कुठे बसवू?"

"आणि नरक हलणार नाही," सुतारदादा जबड्यावर चढून बसले होते, ते तिथून ओरडले. "बोल्ट मारलेत मी! साक्षात देव आला तरी हलणार नाही."

मी आयुष्यभर माणसांच्या समोर उभी राहून कपडे बेततेय. समोरच्याची डावी बाही माझ्या उजव्या हाताला येते, हे मला झोपेतही ठाऊक असतं. मी म्हटलं, "नरक कशाला हलवता? घोडीच उलटी आणा. मागच्या दरवाजातून, प्रेक्षकांमधून, सिंहासनाकडे तोंड करून. मग नरक येतोय तिच्या उजव्या हाताला."

बहिणीने चमकून माझ्याकडे बघितलं. "अगदी बरोबर, ताई!"

"प्रेक्षकांमधून?" मास्तर हादरले. "अहो, ती स्वर्गातून येते! आणि मागच्या दरवाजाबाहेर स्वच्छतागृहं आहेत!"

काका इतका वेळ एका कोपऱ्यात टोपी सारखी करत बसले होते. ते म्हणाले, "मास्तर, माझं एक वाक्य तुम्ही कापलं होतं."

"कुठलं?"

"शेवटचं. 'आपण चुकीच्या बाजूला बघत बसलो.' तुम्ही म्हणालात, घोडी जर आपण बघतो तिथूनच येते, तर या वाक्याला अर्थ नाही."

मास्तरांनी सिंहासनाकडे बघितलं, टेकडीकडे बघितलं, आणि सावकाश मागे वळून त्या लोखंडी दरवाजाकडे बघितलं. "पीक कुठे असतं?" ते स्वतःशीच म्हणाले. "शेतात. शेत कुठे? टेकडीखाली, गावाच्या बाजूला. लोक आभाळाकडे तोंड करून बसलेत आणि ती पाठीमागून येतेय..." एकदम त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे, मी लिहिलं तेव्हा मला कळलं होतं! बसवताना विसरलो!"

"मग?" मी विचारलं.

"मग काय? दरवाजाला तेल घाला."

रंगीत तालीम करायला सवड उरली नव्हती. दुपारी एकदा धुराशिवाय, दिव्यांशिवाय रुसवीला त्या वाटेने नेलं. गेली, पण नरकाजवळ कान असे हलवत होती की मी दोन पावलं मागे सरले. धूर आणि भरलेली बाकं असतील तेव्हा काय होईल ते देवाला माहीत. काका म्हणाले, "शंभर टक्के जाणार!" तेव्हा तर मी आणखीच घाबरले, कारण काकांचं भाकीत.

आजारी बाई आलीच नाही. तिच्या जागी टेकडीवर बसायला बेडूकबाई आपणहून तयार झाली. झगा तिच्याच मापाचा बेतलेला होता. मास्तरांनी तिला एवढंच सांगितलं, "काकांचं वाक्य झालं की सगळ्यांसारखं मागे वळायचं आणि वाटेकडे बघायचं. डोळे मोठ्ठे उघडे ठेवून. आनंदाने. जमेल?" ती पांढरीफटक पडली, पण म्हणाली, "जमवते."

घोडामैदान जवळच होतं. गोदाम खचाखच भरलं. तबेल्याचे मालक पहिल्या रांगेत, वाटेला लागून, हाताची घडी घालून. मी नरकाशेजारच्या विंगेत सुईदोरा घेऊन उभी. सूर्य मावळला, दिवा पिवळा झाला, काहीच झालं नाही. काकांनी डोक्यावरची टोपी काढली, ती हातात कुस्करली. टेकडीवर रडणं सुरू झालं. रोज घड्याळांत डोकं घालणारा तो साधा माणूस, पण त्या क्षणी तो खरोखर चारशे वर्षांपूर्वी सगळं गाव बुडवून बसलेला वाटला. मग तो सावकाश मागे वळला.

"आपण चुकीच्या बाजूला बघत बसलो," तो म्हणाला.

टेकडीवरची सगळी पांढरी माणसं एकदम वळली. प्रेक्षकांनीही माना वळवल्या. लोखंडी दरवाजा सरकला, आवाजही न करता, आणि बाहेरच्या संध्याकाळच्या उजेडात रुसवी उभी होती. पाठीवर भिंगरी, एका हातात लगाम, झोळी सुटलेल्या दुसऱ्या हातात पेंढी. कुणीतरी "आई गं!" म्हटलं. मी नाही.

टप टप टप करत ती बाकांमधून निघाली. लहान मुलं हात लावायला वाकली तरी ढळली नाही. शेवटची बाकं मागे पडली. नरक तिच्या उजव्या हाताला आला. लाल दिवे पेटले, दादांनी भाता दाबला, धुराचा लोट सुटला. रुसवी थांबली.

मी टेकडीकडे बघितलं. माझी बहीण वळलेली होती, आणि तिचे डोळे टक्क उघडे होते. हात झग्यात गुंतले होते, पण डोळे पोरीवरून हलत नव्हते.

रुसवीने उजवा कान पुढे केला. उजव्या डोळ्याने नरकाकडे बघितलं. वरपासून खालपर्यंत, बाजारात भाजी बघावी तसं बघितलं. मग मान लांब केली, नाकपुड्या फुलवल्या, हुंगलं, आणि माझी जीभ दातांत धरून ओढली!

टर्रर्र! शिवण उसवली. भसकन गवत बाहेर आलं. रुसवीने एक झटका दिला आणि नरकाची अख्खी जीभ उपटून बाहेर काढली. मग तिथेच, धुरात, लाल उजेडात, नरकाच्या दारात उभी राहून ती शांतपणे चरायला लागली.

मग हशा आणि टाळ्यांचा जो आवाज उसळला, तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. लोक बाकांवर चढले. सुतारदादा जबड्यामागून ओरडत होते, "माझा नरक! माझा नरक खाल्ला!" मास्तर विंगेत माझा हात पकडून हसत होते आणि रडत होते. टेकडीवरचं एकही माणूस आता रडत नव्हतं, आणि ते कुणी नाटकात लिहिलेलं नव्हतं.

भिंगरी घाबरली नाही की हसली नाही. रुसवीला दोन घास खाऊ दिले, मग टाचेने हळूच इशारा केला. घोडी तोंडातलं गवत चघळत सिंहासनासमोर जाऊन उभी राहिली. पोरीने पेंढी उंच धरली.

"पीक उभं आहे. कापायला चला!"

छप्पर उडायचं तेवढं बाकी राहिलं.

खेळ संपल्यावर तबेल्याचे मालक अंगणात आले. त्यांनी तोंड उघडायच्या आत बेडूकबाई त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी. "घोडी कुठेही जाणार नाही."

"अहो बाई, मी तरी काय म्हणतोय? नरक खाणारी घोडी कुणी वखारीत देतं का?" ते म्हणाले. "तुमच्या पोरीला म्हणावं, पहाटे वेळेवर येत जा."

भिंगरी किंचाळत रुसवीच्या गळ्यात पडली. मी बहिणीला विचारलं, "काय गं, हे खाण्याचं काम उजव्या डोळ्याचंच ना? लिही की आता यावर मोठा लेख."

"एका घोडीवरून काही सिद्ध होत नाही, ताई," ती नाक पुसत म्हणाली. "पण मी बेडकांना सांगेन नक्की."

भिंगरी घोडीला सोडून आईजवळ आली. केसांत गवत, कपाळावर धुराची काजळी. "आई, खरं सांग. रुसवी थांबली तेव्हा तू डोळे मिटलेस ना?"

"नाही."

"एक तरी?"

"दोन्ही उघडे होते," माझी बहीण म्हणाली. "डावाही. सगळं बघितलं मी."

पोर आईला बिलगली. रुसवी मधेच तोंड खुपसून दोघींच्या कपड्यांत गवत शोधत राहिली. मी नळावर हात धुतले आणि आत गेले. उद्याच्या खेळाला नवी जीभ लागणार होती, आणि मास्तर म्हणाले होते की या वेळी गवत जरा जास्तच भरा.